ग्राफिकल इंटरफेस बिल्डरमध्ये स्वनिर्मित दृश्य घटक : रकमेच्या चौकटीचे एक उदाहरण

प्रमाणपत्र आणि पदविका अभ्यासक्रमांत संगणक शिकवणाऱ्या अध्यापकांना एक अनुभव परिचयाचा आहे. पॅलेटमधून बटण उचलावे, फॉर्मवर सोडावे, त्याचे शीर्षक बदलावे आणि प्रोग्राम चालवून पाहावा, एवढे विद्यार्थी पहिल्या एक-दोन तासांत शिकतो आणि त्यात त्याला रसही वाटतो. पुढचे पाऊल मात्र बहुतेक ठिकाणी टाकले जात नाही. स्वतः लिहिलेला घटक त्याच पॅलेटमध्ये बसवावा आणि तयार बटणासारखाच तो फॉर्मवर ओढून सोडता यावा, अशी अपेक्षा ठेवली की अडचणी सुरू होतात. घटक पॅलेटमध्ये दिसत नाही. दिसला तर फॉर्मवर सोडताना चुकीचा संदेश येतो. फॉर्मवर बसला तर दुसऱ्या दिवशी तो फॉर्मच उघडत नाही. कंटाळून अध्यापक म्हणतात, "हा भाग परीक्षेला येत नाही", आणि विषय तेथेच थांबतो.

प्रस्तुत लेखात या अडचणींचे मूळ कोठे आहे ते एका उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. या अडचणी वरवर वेगवेगळ्या दिसल्या तरी त्यांतील बहुतेकांचे कारण एकच आहे. इंटरफेस बिल्डर आपल्या घटकाचे नुसते चित्र दाखवत नाही, तो आपला घटक प्रत्यक्ष चालवतो. प्रोग्राम पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी, विद्यार्थ्याच्या हातून फॉर्म आखला जात असतानाच, त्याने लिहिलेला कोड चालू झालेला असतो. ही एक गोष्ट वर्गात नीट रुजली तर बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते तर्काने सुचतात.

उदाहरणाची पार्श्वभूमी

भोपाळ शहरातून दक्षिणेकडे जाणाऱ्या कोलार रोडवर मध्य प्रदेश भोज मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय आहे. १९९१ च्या अधिनियमाने हे विद्यापीठ स्थापन झाले. आपल्याकडे नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झाले, त्याच जातकुळीतील ही संस्था. याच परिसरात कलियासोत धरणाजवळ उच्च शिक्षा उत्कृष्टता संस्थान आहे. म्हणजे एकाच रस्त्यावर रोज वर्गात येणारा विद्यार्थीही आहे आणि नोकरी सांभाळून अभ्यास केंद्रावर येणारा विद्यार्थीही आहे. या दुसऱ्या विद्यार्थ्याचा विचार येथे मुद्दाम केला आहे, कारण कम्युनिटी कॉलेजमधील आपला विद्यार्थी त्याच्याच जवळचा असतो. प्रयोगशाळेत त्याचे तास मोजके असतात. प्रत्येक वेळी तोच संगणक मिळेल याची खात्री नसते. तो काम पेन ड्राइव्हवर घेऊन घरी किंवा सायबर कॅफेत जातो. रोज प्रयोगशाळेत येणाऱ्या विद्यार्थ्याचा एक तास वाया गेला तर तो दुसऱ्या दिवशी भरून निघतो. या विद्यार्थ्याचा संपर्क-वर्ग "घटक लोड होत नाही" या एका संदेशापायी संपला तर पुढचा वर्ग केव्हा, हे त्याच्या रजेवर अवलंबून असते.

समजा, अशा एखाद्या अभ्यास केंद्राच्या खिडकीवर शुल्काची पावती छापणारा छोटा प्रोग्राम विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून दिला. फॉर्मवर नाव, अभ्यासक्रम, तारीख आणि रक्कम अशा चौकटी आहेत. नावासाठी साधी मजकुराची चौकट पुरते. रकमेला ती पुरत नाही, आणि स्वतंत्र घटकाची खरी गरज येथे निर्माण होते.

पहिली गरज स्वल्पविरामांची. आपण १२३४५६७८ ही संख्या १,२३,४५,६७८ अशी लिहितो. उजवीकडून पहिला गट तीन अंकांचा, पुढचे सर्व दोन-दोन अंकांचे. जावाच्या प्रमाणित ग्रंथालयातील डेसिमल-फॉरमॅट हा क्लास मात्र एकच गट-लांबी ओळखतो. त्याला लाख-कोटीच्या पद्धतीचा नमुना दिला तरी तो फक्त शेवटच्या स्वल्पविरामानंतरची लांबी धरतो आणि संख्या १२,३४५,६७८ अशी मांडतो. हा दोष नाही, त्याच्या दस्तऐवजात तसे स्पष्ट लिहिलेले आहे. पण पावतीवर ती रक्कम वाचणारा माणूस क्षणभर अडखळतो, आणि पैशाच्या कागदावर अडखळणे बरे नव्हे. आयसीयू नावाच्या मुक्त ग्रंथालयात दुसऱ्या गट-लांबीची सोय आहे. विद्यार्थ्याला मात्र हे काम स्वतः करायला लावणे अधिक उपयुक्त. संख्या तीन अंकांपर्यंत असेल तर तशीच ठेवायची, नसेल तर शेवटचे तीन अंक बाजूला काढून उरलेल्यांचे उजवीकडून दोन-दोनचे गट करायचे. दहा-बारा ओळींचे काम आहे.

दुसरी गरज अंकांची. भारतीय राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदाने संघाच्या राजभाषेसाठी देवनागरी लिपी ठरवली, पण शासकीय कामासाठी अंक मात्र भारतीय अंकांच्या आंतरराष्ट्रीय रूपात लिहावेत असे म्हटले. त्यामुळे हिंदी कागदपत्रांत आंतरराष्ट्रीय अंक सर्रास आढळतात. महाराष्ट्रात मराठी कागदावर देवनागरी अंक लिहिण्याची पद्धत आजही जिवंत आहे. भोपाळमध्ये केलेला फॉर्म उद्या बऱ्हाणपूरमार्गे जळगावला गेला तर तीच रक्कम दुसऱ्या अंकांत दाखवावी लागेल. आणि येथे संगणकाच्या भरवशावर राहता येत नाही. जावाच्या आठव्या आवृत्तीपर्यंत हिंदी-भारत हा लोकेल निवडला की संख्या देवनागरी अंकांत येत असे. २०१७ साली नवव्या आवृत्तीने लोकेलची माहिती डीफॉल्ट म्हणून युनिकोडच्या सामाईक संग्रहातून, म्हणजे सीएलडीआरमधून, घ्यायला सुरुवात केली. त्या संग्रहात हिंदीसाठी आंतरराष्ट्रीय अंक आणि मराठीसाठी देवनागरी अंक हे मूळ गृहीत आहे. म्हणजे प्रोग्रामची एकही ओळ न बदलता, फक्त जावाची आवृत्ती बदलल्याने हिंदी पावतीवरचे अंक बदलले. म्हणून अंकांची निवड लोकेलवर न सोडता घटकाची स्वतःची प्रॉपर्टी असावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

काम तसे सोपे आहे. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा दशमान क्रमांक २४०६ आणि नवाचा २४१५ आहे, तर आंतरराष्ट्रीय शून्य ४८ वर आहे. दोहोंतील फरक २३५८. दाखवताना तो मिळवायचा. वाचताना तर एवढेही करावे लागत नाही, कारण जावातील पूर्णांक वाचणारी पार्स-इंट ही पद्धत देवनागरी अंक जसेच्या तसे स्वीकारते. स्वल्पविराम काढले की झाले. डॉट नेटमधील तिची समकक्ष पद्धत ते स्वीकारत नाही, हे दोन्ही भाषा शिकवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

रक्कम साठवण्याबद्दल एक सूचना. चौकटीत दिसणारा मजकूर आणि घटकाने जपलेली किंमत या दोन स्वतंत्र गोष्टी ठेवाव्यात. किंमत पैशांतील पूर्णांक म्हणून जपावी. स्वल्पविराम आणि देवनागरी अंक हे फक्त दर्शनी रूप होय. डेटाबेसमध्ये ते रूप साठवणाऱ्या विद्यार्थ्याला बेरीज करायला सांगावे, म्हणजे कारण आपोआप कळते.

घटक म्हणजे काय असावे लागते

आता हा घटक, त्याला आपण रक्कम-चौकट म्हणू, नेटबीन्सच्या फॉर्म-संपादकात बसवायचा आहे. नेटबीन्सची सुरुवात १९९६ साली प्रागमधील चार्ल्स विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून झाली, हे आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. सन कंपनीने १९९९ साली ते विकत घेतले, पुढच्या वर्षी ते मुक्त झाले, आणि २००६ च्या ५.० आवृत्तीत मॅटिस या नावाने ओळखला जाणारा आजचा फॉर्म-संपादक आला. २०१६ पासून ते अपाची प्रतिष्ठानाकडे आहे. विनामूल्य आहे, म्हणून येथे निवडले.

बिल्डरने आपला क्लास घटक म्हणून स्वीकारावा यासाठी जावाबीन्स या १९९७ च्या संकेतांचे पालन करावे लागते. त्यातील अट अशी की क्लास सार्वजनिक असावा आणि त्याला कोणतेही पॅरामीटर न घेणारा सार्वजनिक कन्स्ट्रक्टर असावा. कारण सरळ आहे. विद्यार्थी माउसने घटक सोडतो तेव्हा बिल्डरला तो ऑब्जेक्ट स्वतः निर्माण करावा लागतो. त्या क्षणी पॅरामीटरमध्ये काय द्यायचे हे बिल्डरला कसे कळणार? विद्यार्थ्याने रक्कम घेणारा एकच कन्स्ट्रक्टर लिहिला असेल तर जावा स्वतःहून मोकळा कन्स्ट्रक्टर देत नाही, आणि घटक बसत नाही. वर्गातील निम्म्या तक्रारी येथेच मिटतात.

दुसरा संकेत नावांचा. बिल्डर क्लासमधील पद्धती तपासतो आणि गेट-सेट अशा जोड्या सापडल्या की त्यांची प्रॉपर्टी समजून गुणधर्मांच्या खिडकीत दाखवतो. रक्कम मिळवणारी गेट-पद्धत आणि रक्कम ठेवणारी सेट-पद्धत लिहिली की रक्कम ही प्रॉपर्टी झाली. मात्र दोहोंचा प्रकार तंतोतंत एकच हवा. गेट लाँग देते आणि सेट इंट घेते अशी विजोड जोडी असेल तर ती प्रॉपर्टी खिडकीत बदलता येत नाही. घटनांसाठी असाच संकेत आहे. श्रोता जोडणारी आणि काढणारी अशी जोडी असली की ती घटना इव्हेंट्सच्या यादीत दिसते. जाता जाता एक गमतीची बाब. जावात नावे युनिकोडमध्ये लिहिता येतात, म्हणून गेट या इंग्रजी उपसर्गापुढे रक्कम हा शब्द देवनागरीत लिहिला तरी चालतो. गेटनंतरचे मोठे अक्षर लहान करून प्रॉपर्टीचे नाव ठरवण्याचा बिल्डरचा नियमही येथे अडचण करीत नाही, कारण देवनागरीत मोठे-लहान अक्षर नाहीच. पण फाइलच्या एन्कोडिंगचे घोळ पाहता प्रकल्पात हे करण्याची शिफारस करवत नाही. वर्गात दाखवायला मात्र छान आहे.

अंकांची निवड कशी ठेवावी? हुशार विद्यार्थी त्यासाठी स्वतःचा प्रकार तयार करतो. गुणधर्मांच्या खिडकीला पूर्णांक, मजकूर, रंग, फॉन्ट, होय-नाही हे प्रकार माहीत असतात. अनोळखी क्लासच्या प्रकारासाठी वेगळा प्रॉपर्टी-एडिटर लिहून द्यावा लागतो, नाहीतर ती ओळ खिडकीत निर्जीव पडून राहते. म्हणून पहिल्या घटकात "देवनागरी अंक" ही होय-नाही प्रॉपर्टी ठेवावी. खिडकीत तिच्यासमोर आपोआप खुणेची चौकट येते. खूण केली की फॉर्मवरील अंक तत्काळ बदलतात. विद्यार्थ्याला सर्वाधिक आनंद होतो तो या क्षणी, असा अनुभव आहे, आणि नेमका हाच क्षण मुख्य मुद्दा समजावण्यास योग्य आहे. प्रोग्राम अजून चालवलेला नाही, तरी अंक बदलले. मग बदलणारा कोड कोणी चालवला?

एका घटकाचे दोन जन्म

उत्तर अर्थातच, बिल्डरने. घटक फॉर्मवर सोडला तेव्हा नेटबीन्सने स्वतःच्याच प्रोसेसमध्ये त्या क्लासचा खरा ऑब्जेक्ट निर्माण केला. खूण केली तेव्हा त्याची सेट-पद्धत खरोखर बोलावली. पुढे विद्यार्थी प्रोग्राम चालवील तेव्हा वेगळ्या प्रोसेसमध्ये दुसरा ऑब्जेक्ट निर्माण होईल. दोहोंमधील दुवा एवढाच की बिल्डरने पहिल्या ऑब्जेक्टच्या बदललेल्या प्रॉपर्टी कोडच्या रूपात लिहून ठेवल्या आहेत आणि तो कोड दुसऱ्या ऑब्जेक्टवर चालेल.

यातून अनेक गोष्टी उलगडतात. कन्स्ट्रक्टरमध्ये डेटाबेसची जोडणी उघडणारा घटक फॉर्मवर सोडताच चूक दाखवतो, कारण आखणीच्या वेळी डेटाबेस सर्व्हर चालू नसतो. कन्स्ट्रक्टरमध्ये न संपणारे लूप असेल तर विद्यार्थ्याचा प्रोग्राम नव्हे, नेटबीन्सच गोठते. कन्स्ट्रक्टरमध्ये टायमर सुरू केला तर तो फॉर्म आखत असताना मागे चालत राहतो. म्हणून कन्स्ट्रक्टर हलका ठेवावा, आणि जे काम फक्त खऱ्या प्रोग्राममध्ये व्हायला हवे ते करण्यापूर्वी आपण आखणीच्या वेळी आहोत काय हे विचारून घ्यावे. जावाच्या बीन्स या क्लासमध्ये त्यासाठी इज-डिझाइन-टाइम ही पद्धत आहे.

येथे विद्यार्थी हमखास एक शंका विचारतो आणि ती रास्त असते. "सर, फॉर्मच्या कन्स्ट्रक्टरमध्ये मी शीर्षक बदलले, ते डिझायनरमध्ये दिसत नाही. मग घटकाच्या कन्स्ट्रक्टरमधील कोड कसा चालतो?" कारण असे की जो फॉर्म आपण आखत आहोत त्याचा स्वतःचा ऑब्जेक्ट बिल्डर बनवत नाही. तो अर्धवट लिहिलेला असतो, त्याचे संकलनही झालेले नसेल. बिल्डर फॉर्मच्या मूळ क्लासचा ऑब्जेक्ट घेतो आणि त्यावर घटकांचे ऑब्जेक्ट मांडतो. म्हणून फॉर्मचा कोड चालत नाही, घटकांचा चालतो. व्हिज्युअल स्टुडिओच्या विंडोज फॉर्म्समध्येही हेच आहे, आणि म्हणूनच तेथे अमूर्त मूळ क्लासवरून काढलेला फॉर्म डिझायनरमध्ये उघडत नाही. अमूर्त क्लासचा ऑब्जेक्ट बनत नाही हा नियम विद्यार्थ्याने पुस्तकात वाचलेला असतो. तो येथे त्याला प्रत्यक्ष भेटतो.

आणखी एक सापळा थोडा खोल आहे. आपली रक्कम-चौकट स्विंगच्या मजकूर-चौकटीवरून काढलेली आहे. मूळ चौकटीचा कन्स्ट्रक्टर आधी चालतो आणि तो अपडेट-यूआय, सेट-डॉक्युमेंट यांसारख्या पद्धती बोलावतो. आपण त्यांपैकी एखादी पद्धत बदलून लिहिली असेल आणि तीत आपल्या क्लासमधील चल वापरला असेल, तर त्या क्षणी तो चल अजून रिकामाच असतो. परिणामी नल-पॉइंटरची चूक येते आणि विद्यार्थी बिल्डरला दोष देतो. बिल्डरचा यात काही संबंध नाही, हा भाषेचाच क्रम आहे. तसेच सेट-पद्धती कोणत्या क्रमाने बोलावल्या जातील यावर घटकाने अवलंबून राहू नये. आधी अंकांची निवड, मग रक्कम, असे गृहीत धरलेला घटक क्रम उलटला की चुकीचे अंक दाखवतो. प्रत्येक सेट-पद्धतीच्या शेवटी दर्शनी मजकूर नव्याने तयार करणारी एकच खासगी पद्धत बोलावावी, म्हणजे हा प्रश्न उरत नाही.

स्वतः रंगवलेल्या घटकांबाबत आकाराचीही काळजी घ्यावी. रिकाम्या पॅनेलचा अपेक्षित आकार जेमतेम दहा गुणिले दहा पिक्सेल असतो. त्यावर कितीही सुंदर आलेख काढला असला तरी मांडणी त्याला ठिपक्याएवढीच जागा देऊ शकते. अपेक्षित आकार सांगणारी पद्धत लिहिली की काम होते.

जुन्या आणि नव्या साधनांत हेच

ज्या संस्थांत व्हिज्युअल बेसिक ६ अनेक वर्षे शिकवले गेले तेथील अध्यापकांना दोन जन्मांची कल्पना नवी वाटू नये. ती तेथे अधिक ढळढळीतपणे समोर येत असे. स्वतःचे यूजर-कंट्रोल फॉर्मवर ठेवून प्रोग्राम सुरू केला की आखणीच्या वेळचा ऑब्जेक्ट नष्ट होई आणि चालवण्याच्या वेळचा नवा जन्माला येई. प्रोग्राम थांबवला की पुन्हा तेच. प्रॉपर्टीच्या किमती राइट-प्रॉपर्टीज या घटनेत प्रॉपर्टी-बॅगमध्ये लिहून रीड-प्रॉपर्टीजमध्ये परत वाचल्या नाहीत तर त्या हरवत. "खिडकीत भरलेले शीर्षक प्रोग्राम चालवताच पुसले गेले" ही त्या काळची ठरलेली तक्रार. त्या विकास-साधनाचा आधार मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मध्ये थांबवला. शिवाय त्याच्या अंगभूत चौकटी विंडोजच्या जुन्या कोडपेजवर चालत आणि देवनागरीसाठी तसे कोडपेज नव्हतेच. त्यामुळे मराठी-हिंदी फॉर्मसाठी विशिष्ट फॉन्टच्या एन्कोडिंगचा आधार घ्यावा लागे आणि फॉन्ट नसलेल्या संगणकावर अक्षरांची खिचडी होई. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी २००० साली विंडोज २००० बरोबर आली, आणि जावात २००२ च्या १.४ आवृत्तीत. आपली रक्कम-चौकट त्यापूर्वी या साधेपणाने लिहिता आली नसती.

विंडोज फॉर्म्समध्ये आखणीची वेळ ओळखण्यासाठी डिझाइन-मोड ही प्रॉपर्टी आहे, पण कन्स्ट्रक्टरमध्ये ती नेहमी "नाही" असेच उत्तर देते, कारण तोपर्यंत घटक डिझायनरशी जोडला गेलेला नसतो. कन्स्ट्रक्टरमध्ये विचारायचे तर लायसन्स-मॅनेजरची यूसेज-मोड ही प्रॉपर्टी पाहावी लागते. नव्या डॉट नेटसाठी व्हिज्युअल स्टुडिओने घटक चालवण्याचे काम वेगळ्या प्रोसेसमध्ये नेले आहे, त्यामुळे आता बिघडलेला घटक संपूर्ण साधनाला सहसा खाली ओढत नाही. क्यूटीच्या डिझायनरने मात्र वेगळी वाटही दिली आहे. तेथे साधी चौकट ठेवून तिला "प्रमोट" करायचे, म्हणजे ती पुढे आपल्या क्लासची होणार एवढी नोंद करायची. डिझायनर आपला कोड चालवतच नाही. सुरक्षित आहे, पण फॉर्मवर साधी चौकटच दिसते, अंक बदललेले दिसत नाहीत. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये एक्सएमएल मांडणीची पूर्वदृश्य खिडकी पुन्हा आपला कोड चालवते. तेथे कॉन्टेक्स्ट आणि अ‍ॅट्रिब्यूट-सेट हे दोन पॅरामीटर घेणारा कन्स्ट्रक्टर लागतो, आणि आखणीची वेळ विचारण्यासाठी इज-इन-एडिट-मोड ही पद्धत आहे. म्हणजे स्विंगवर शिकलेली गोष्ट मोबाइलवरही उपयोगी पडते.

एका संगणकावरून दुसऱ्यावर

आता अभ्यास केंद्रावरील त्या विद्यार्थ्याकडे वळू, कारण त्याचे खरे नुकसान येथे होते.

घटक वापरण्यापूर्वी त्याचे संकलन झालेले असावे लागते. बिल्डर चालवतो तो संकलित क्लास, समोर दिसणारा मजकूर नव्हे. संकलनानंतर प्रोजेक्टच्या खिडकीतून तो क्लास थेट फॉर्मवर ओढता येतो किंवा टूल्सच्या यादीतून पॅलेटमध्ये घालता येतो. घटकाचा कोड बदलला तर पुन्हा बिल्ड करून फॉर्म बंद करून उघडावा. नाहीतर फॉर्मवर जुनाच ऑब्जेक्ट बसलेला असतो आणि "मी बदल केला, पण होत नाही" असे विद्यार्थी सांगत राहतो.

पॅलेटमधील नोंद प्रोजेक्टमध्ये साठत नाही, ती त्या संगणकावरील नेटबीन्सच्या वापरकर्ता-फोल्डरमध्ये राहते. म्हणून दुसऱ्या संगणकावर प्रोजेक्ट उघडला तर पॅलेटमध्ये घटक दिसणार नाही. ही चूक नव्हे, तेथे पुन्हा नोंद करावी लागते. घटक वेगळ्या जार फाइलमध्ये असेल तर ती फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच एक ग्रंथालय-फोल्डर करून त्यात ठेवावी आणि तेथूनच जोडावी. डी ड्राइव्हवरील कोणत्या तरी फोल्डरमधून जोडलेली फाइल पेन ड्राइव्हवर येत नाही.

आणि ती आली नाही की काय होते? नेटबीन्समध्ये प्रत्येक फॉर्मच्या दोन फाइली असतात. एक जावा कोडची, दुसरी फॉर्म या विस्ताराची. आखणीची खरी नोंद दुसरीत असते. कोडमधील इनिट-कंपोनंट्स हा वेगळ्या रंगाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा भाग तिच्यावरून दर वेळी नव्याने लिहिला जातो, म्हणूनच तेथे हाताने लिहिता येत नाही. फक्त जावा फाइल ई-मेलने पाठवणारा विद्यार्थी आखणी घरीच विसरून येतो. दोन्ही फाइली आल्या पण घटकाचा क्लास सापडला नाही, तर नेटबीन्स फॉर्म उघडताना इशारा देते की काही माहिती लोड झाली नाही आणि आता संपादन करून साठवल्यास ती माहिती नष्ट होईल. सोबत फक्त पाहण्याचा आणि संपादनास परवानगी देण्याचा असे दोन पर्याय येतात. घाईत असलेला विद्यार्थी दुसरा पर्याय निवडतो, एखादे लेबल सरकवतो आणि साठवतो. त्या क्षणी रक्कम-चौकट, तिच्या प्रॉपर्टी आणि तिला जोडलेल्या घटना फॉर्ममधून कायमच्या जातात. पुढे जार फाइल सापडली तरी त्या परत येत नाहीत. या इशाऱ्यावर संपादनाचा पर्याय निवडायचा नाही, फॉर्म बंद करायचा, जार फाइल जोडायची, बिल्ड करायचे आणि मग फॉर्म उघडायचा, हे घटक लिहायला शिकवण्याच्याही आधी शिकवावे.

तो इशारा प्रयोगशाळेत मुद्दाम घडवून दाखवता येतो. प्रोजेक्टची प्रत करावी, तिच्यातील जार फाइलचे नाव बदलावे आणि फॉर्म उघडायला सांगावे. अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक होते. प्रकल्पाचे मूल्यमापन करतानाही विद्यार्थ्याच्या नेहमीच्या संगणकावर प्रोग्राम चालवून पाहण्याऐवजी त्याचा फोल्डर शेजारच्या संगणकावर उतरवून घ्यावा, फॉर्म उघडावा, देवनागरी अंकांची खूण काढून पुन्हा करावी आणि रकमेत एक लाख पंचवीस हजार भरून पाहावे.